सर्पगंधेची मुळी आणि मेंदूंतील दूत

सर्पगंधा ही वनस्पति दिसावयास फार सामान्य आहे. हात-दीड हात उंचीचें झुडूप, एकेका पेरावर तीन-तीन लांबट पानें, तांबूस देंठांवर पांढरीं-गुलाबी फुलें आणि पिकल्यावर काळसर जांभळीं होणारीं बारीक फळें. हिमालयाच्या पायथ्याच्या दमट रानांत, बंगाल-आसामकडे, आणि आपल्या कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारावर ती सांपडते. तिच्याजवळून जाणारा मनुष्य वळून पाहील असें तिच्यांत कांहीं नाहीं. मोल आहे तें जमिनीखालच्या मुळीला. या कडू मुळीमुळें मनुष्याच्या मेंदूविषयींच्या आपल्या कल्पना गेल्या शतकांत जितक्या पालटल्या, तितक्या फार थोड्या वस्तूंनीं पालटल्या असतील. श्रोतेहो, तीच हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

नांवावरून ती सापाच्या विषावर देत असत हें उघड आहे. परंतु बिहार व उत्तर प्रदेशाकडील खेड्यांतून तिचें दुसरें नांव प्रचारांत होतें : ‘पागल की दवा’. रडणाऱ्या मुलाला झोंप लागावी म्हणून तिच्या मुळीचा अल्प अंश देण्याची चाल तिकडे होती, आणि ज्याला साखळदंडानें बांधून ठेवावें लागे अशा मनुष्यालाहि तीच मुळी उगाळून पाजीत. गोव्यांत 1563 सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादग्रंथांत सापाच्या विषावरील एका मुळीचें वर्णन आहे, आणि ती सर्पगंधाच असावी असें कित्येक अभ्यासक मानतात. युरोपीय वनस्पतिशास्त्रांत मात्र या झाडाच्या कुळाला जें नांव मिळालें तें अशा एका गृहस्थाचें आहे, ज्याचें पाऊल हिंदुस्थानांत कधीं पडलें नाहीं. लिऑनहार्ट राऊवोल्फ हा सोळाव्या शतकांतील आउग्सबुर्गचा वैद्य. तो अलेप्पो-बगदादपर्यंत प्रवास करून परतला. त्याच्या मरणानंतर शंभर वर्षांनीं, 1703 सालीं, प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याच्या सन्मानार्थ ‘राऊवोल्फिया’ हें नांव पाडलें. गंमत अशी कीं, कॉफी पिण्याच्या चालीचें वर्णन लिहून ठेवणाऱ्या पहिल्या युरोपीयांत या राऊवोल्फची गणना होते. म्हणजे मेंदूला जागें करणाऱ्या पेयाची वार्ता ज्यानें युरोपांत नेली, त्याचेंच नांव मेंदूला निजविणाऱ्या मुळीला मिळालें.

आतां एकदम 1931 सालाकडे येऊं. त्या एका वर्षांत दोन ठिकाणीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, या मुळीचा शास्त्रीय विचार झाला. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनीं मुळींतून कांहीं स्फटिकरूप द्रव्यें वेगळीं काढलीं आणि त्यांतील एकाला त्या कॉलेजाचे संस्थापक हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. (हें अजमलीन आजहि हृदयाच्या एका दुर्मिळ विकाराच्या परीक्षेसाठीं वापरतात.) दुसरीकडे कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन व डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं सर्पगंधेला वेडावरील व वाढलेल्या रक्तदाबावरील नवें हिंदी औषध म्हटलें होतें. वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसांतून दोन वेळां दिलें असतां रोग्याला झोंप लागते, रक्तदाब उतरतो आणि अंगावर धांवून येण्याचा आवेश ओसरतो, असें त्यांनीं स्वच्छ लिहिलें. दोन वर्षांनीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून या औषधी गुणांना दुजोरा दिला.

म्हणजे पुढें जगानें जें मोठ्या कौतुकानें शोधून काढलें, त्यांतील मुख्य दोन गोष्टी 1931 सालींच कलकत्त्यांत छापल्या गेल्या होत्या. परंतु तो निबंध जेथें छापला तें मासिक लंडन-न्यूयॉर्कच्या वाचनालयांत कोण उघडणार! ज्ञानालाहि टपाल लागतें, आणि त्या काळीं तें टपाल एकाच दिशेनें वाहत होतें.

ही दिशा बदलण्याचें श्रेय मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकील यांस दिलें पाहिजे. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ सर्पगंधेचा उपयोग स्वतः करीत होते. त्यांनीं 50 रोग्यांवरील अनुभव 1949 सालीं ब्रिटनमधील हृदयरोगाच्या प्रमुख नियतकालिकांत प्रसिद्ध केला. लेखाची धाटणी अगदीं संयमाची आहे : किती रोगी, किती दिवस, दाब किती उतरला, त्रास कोणता झाला. या संयमामुळेंच तो पश्चिमेकडे वाचला गेला. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनीं ही मुळी मागवून आपल्या रोग्यांना दिली, व 1952 च्या सुमारास त्यांनीं एक चमत्कारिक गोष्ट नोंदली. रक्तदाब उतरतो तो बेताचाच. पण रोग्याला स्वस्थ वाटूं लागतें. गुंगी न येतां मनावरचा ताण सैल होतो. अफू किंवा झोंपेचीं औषधें देऊन मनुष्य निजतो. येथें मनुष्य जागा राहून शांत होत होता.

त्याच 1952 सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरांत, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत, म्युलर, श्लिटलर व बाइन यांनीं मुळींतील शामक द्रव्य शुद्ध रूपांत हस्तगत केलें व त्यास ‘रेसर्पिन’ असें नांव दिलें. जेथें चूर्ण वीस ग्रेन लागे, तेथें हें द्रव्य मिलिग्रॅमच्या चतुर्थांशानें काम भागवी. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयांत नेथन क्लाईन यांनीं तें शेंकडों रोग्यांना दिलें आणि 1954 सालीं त्याचा वृत्तांत छापला. त्या रुग्णालयांतील कांचा बसविणाऱ्या कारागिराचें काम कमी झालें, कारण रोगी खिडक्या फोडीनासे झाले, अशी आठवण सांगतात. पॅरिसमध्यें क्लोरप्रोमझीन हें दुसरें औषध याच सुमारास पुढें आलें होतें. 1955 सालीं अमेरिकेंतील सरकारी मनोरुग्णालयांतून साडेपांच लाखांहून अधिक माणसें राहत होतीं; त्यानंतर ती संख्या उतरत गेली. तिचें सगळें श्रेय औषधांना देणें योग्य होणार नाहीं, सरकारी धोरणहि बदलत होतें. तरी ज्यांच्या हातापायांतील बंधनें त्या वर्षांत सुटलीं, त्यांना श्रेयाच्या वांटणीची फारशी फिकीर नसावी. वकील व क्लाईन या दोघांनाहि 1957 सालीं अमेरिकेंतील मानाचें लास्कर पारितोषिक मिळालें.

येथवरची कथा औषधाची झाली. खरी उत्कंठा पुढें आहे. कारण औषध चालतें हें कळलें तरी तें कोठें व कसें चालतें, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मज्जातंतूंतून जाणारा संदेश विजेच्या रूपानें जातो हें एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होतें. परंतु एक तंतु जेथें संपतो आणि दुसरी पेशी जेथें सुरू होते, तेथें मध्यें फट असते. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी ही फट. संदेश ती कसा ओलांडतो? विजेची ठिणगी उडते, कीं एखादें द्रव्य पाझरतें? ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें ऑटो लोवी यांनीं 1921 सालीं याचें उत्तर बेडकाच्या दोन हृदयांतून मिळविलें. प्रयोगाची कल्पना आपणांस स्वप्नांत सुचली. रात्रीं उठून टिपून ठेवली ती सकाळीं वाचतां येईना. दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडतांच आपण उठून तडक प्रयोगशाळा गांठली, असें ते सांगत. प्रयोग असा : एका हृदयाची गति मंद करणारा मज्जातंतु त्यांनीं चेतविला, त्या हृदयांतील द्रव घेतला आणि तो दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्या हृदयाला कोणताहि तंतु जोडलेला नव्हता. तरी तेंहि मंदावलें. म्हणजे तंतूच्या टोंकांतून कांहीं पाझरलें होतें. तें द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, हें पुढें ठरलें. इंग्लंडांतील हेन्री डेल यांचें या विषयांतील कार्यहि तितकेंच मोठें; दोघांना मिळून 1936 चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. अशा द्रव्यांना आपण दूतद्रव्यें म्हणूं.

हृदयाची व स्नायूंची गोष्ट लोकांनीं मान्य केली. मेंदूची मात्र नाहीं. मेंदूसारख्या चपळ यंत्रांत द्रव्यें पाझरून कसें भागेल, तेथें वीजच हवी, असा मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांचा आग्रह होता. जॉन एकल्स हे या ठिणगीवाद्यांचे अग्रणी. 1951 सालीं पाठीच्या कण्यांतील मज्जापेशींवर स्वतः केलेल्या प्रयोगांनींच त्यांचें मत फिरलें आणि त्यांनीं तें उघडपणें मान्य केलें. तरीहि मेंदूंत कोणतें दूतद्रव्य काय करतें, याविषयीं सर्वत्र अंधारच होता. 1953 सालीं बेटी ट्वारॉग व अर्विन पेज यांनीं मेंदूंत सेरोटोनिन असल्याचें दाखविलें; 1954 सालीं मार्था फोग्ट यांनीं मेंदूच्या निरनिराळ्या भागांत नॉरॲड्रिनलीन कमी-अधिक आहे हें मोजून दाखविलें. द्रव्यें हातीं आलीं होतीं, त्यांचें काम कळत नव्हतें. कुलूप कसें चालतें हें पाहावयाचें तर एखादी किल्ली हवी. ती किल्ली म्हणून रेसर्पिन पुढें आलें.

अमेरिकेंत बेथेस्डा येथें बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेंत 1955 सालीं सशांना रेसर्पिन देण्यांत आलें आणि त्यांच्या मेंदूंतील सेरोटोनिन मोजलें गेलें. तें जवळजवळ नाहींसें झालें होतें! एखादें औषध दिल्यानें प्राण्याची वागणूक बदलते आणि त्याच वेळीं मेंदूंतील एक नैसर्गिक द्रव्य रितें होतें, ही गोष्ट पहिल्यानेंच डोळ्यांपुढें आली. त्यांतहि एक कोडें होतें. रेसर्पिन स्वतः मेंदूंतून कांहीं तासांत निघून जाई. परिणाम मात्र दिवसचे दिवस टिके. चोर पळून गेल्यावरहि घर रितेंच राहावें, तसें. याचा उलगडा पुढें झाला तो असा : मज्जातंतूच्या टोंकाशीं दूतद्रव्य सूक्ष्म कोठ्यांत भरून ठेवलेलें असतें. तें कोठींत ओढून घेणारा एक पंप असतो. रेसर्पिन त्या पंपाला असें घट्ट चिकटतें कीं तो बंद पडतो. मग द्रव्य कोठीबाहेर राहतें आणि पेशींतील एन्झाइम त्याची वासलात लावतें. नव्या कोठ्या तयार होऊन तंतूच्या टोंकापर्यंत येईतों रितेपण कायम. या पंपाचें जीन 1992 सालीं ओळखलें गेलें.

ब्रोडींच्या हाताखालीं त्या वेळीं स्वीडनहून आलेले आर्व्हिड कार्लसन नांवाचे एक तरुण संशोधक काम करीत होते. सेरोटोनिन रितें होतें तर इतर द्रव्यें कां नसतील, असें त्यांच्या मनांत आलें. ब्रोडींना ही वाट आवडली नाहीं. कार्लसन मायदेशीं लुंड येथें परतले व त्यांनीं ती स्वतःच धरली. रेसर्पिननें नॉरॲड्रिनलीनहि रितें होतें हें लवकरच सिद्ध झालें. आतां प्रश्न असा कीं, ससा जो मलूल होऊन पडतो, तो नेमक्या कोणत्या द्रव्याच्या अभावानें? रितें झालेलें द्रव्य बाहेरून भरतां आलें असतें तर उत्तर सोपें होतें; परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें जो पहारा आहे तो या द्रव्यांना आंत सोडीत नाहीं. त्यांचा कच्चा माल मात्र आंत जातो. म्हणून कार्लसन यांनीं 1957 सालीं दोन कच्चे माल निरनिराळे देऊन पाहिले. सेरोटोनिनच्या कच्च्या मालानें ससा उठला नाहीं. दुसरा कच्चा माल ‘डोपा’. तो टोंचतांच थोड्याच वेळांत मान टाकून, कान पाडून पडलेले ससे उठून बसले, कान ताठ झाले, डोळे उघडले. त्या सशांचें छायाचित्र आजहि वैद्यकाच्या ग्रंथांत छापतात.

डोपापासून शरीर नॉरॲड्रिनलीन तयार करतें. तेव्हां तेंच भरून निघालें असेल, असें कोणीहि म्हणालें असतें. परंतु मोजून पाहिलें तों नॉरॲड्रिनलीन होतें तसेंच रितें! डोपा आणि नॉरॲड्रिनलीन यांच्या मध्यें एक पायरी आहे, तिचें नांव डोपामीन. या मधल्या पायरीकडे तोंवर कोणीं गांभीर्यानें पाहिलें नव्हतें. प्रवासांत गाडी ज्या स्थानकावर थांबत नाहीं त्याकडे आपण कोठें पाहतों? कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं 1958 सालीं दाखविलें कीं, डोपामीन मेंदूंत मुळांतच आहे, रेसर्पिननें तें जातें आणि डोपानें परत येतें. पुढच्या वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं तें मेंदूच्या ज्या खोलच्या भागांत एकवटलेलें आढळलें, तो भाग हालचालींचें नियमन करणारा निघाला. आणि रेसर्पिनवर ठेवलेल्या कित्येक रोग्यांचे हात थरथरत, अंग ताठे, पाऊल उचलत नसे, म्हणजे हुबेहूब कंपवाताचीं लक्षणें दिसत, हें डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होतेंच. दोन टोंकें जुळलीं.

1960 सालीं लंडनमध्यें या विषयाची परिषद भरली. तेथें कार्लसन यांचें म्हणणें जुन्या पिढीला पटलें नाहीं. चौऱ्याऐंशी वर्षांचे हेन्री डेल तेथें होते. ज्यांनीं रासायनिक दूतांची कल्पना उभी केली, तेच मेंदूंतील दूत मानावयास कचरले. मला या प्रसंगाचें नेहमीं नवल वाटतें. पण वादाचा निकाल परिषदेंत लागत नाहीं. त्याच वर्षीं व्हिएन्नांत ओलेह हॉर्निकीविच यांनीं कंपवातानें मेलेल्या माणसांच्या मेंदूंत डोपामीन मोजलें. हालचालींच्या त्या भागांत तें फारच थोडें उरलें होतें. 1961 सालीं त्यांच्या आग्रहावरून बिर्कमायर यांनीं कंपवाताच्या रोग्यांच्या शिरेंत डोपा टोंचलें. ज्यांना अंथरुणावरून उठतां येत नव्हतें ते उठून उभे राहिले, कांहीं चालले, ज्यांचा आवाज बसला होता त्यांचे शब्द स्पष्ट झाले. गुण कांहीं तासच टिकला. परंतु घरांत कंपवाताचा रोगी ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्या कांहीं तासांची किंमत समजावून सांगावी लागणार नाहीं. 1967 सालीं अमेरिकेंत जॉर्ज कॉट्झियास यांनीं पोटांतून अल्प प्रमाणानें आरंभ करून हळूहळू मात्रा वाढविण्याची रीत दाखविली, आणि उपचार घरोघर पोंचला. रोग त्यानें बरा होत नाहीं; कांहीं वर्षांनीं औषधाचा अंमल अनियमित होतो, अंग नको तेव्हां हलूं लागतें. तरी आजहि कंपवातावर याहून अधिक गुणकारी औषध नाहीं.

आणि हें डोपा तरी कोठलें? तें आपल्या कुंपणावर आहे. खाजकुइरी किंवा कुहिली म्हणून जी वेल आपण जाणतों, जिच्या शेंगेवरच्या लवेनें अंगाची आग होते, तिच्या बियांत डोपा असतें. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं 1937 सालीं तें शुद्ध रूपांत काढून दाखविलें होतें. त्यापूर्वीं 1913 मध्यें बाझलच्या गुगेनहाइम यांनीं एका प्रकारच्या घेवड्यांतून तें काढलें होतें, आणि अडीच ग्रॅम स्वतः गिळून भयंकर ओकाऱ्या काढल्या होत्या. द्रव्य निरुपयोगी ठरवून सारे पुढें गेले.

रेसर्पिनच्या कथेचा आणखी एक धागा आहे, आणि त्याविषयीं थोडें सावधपणें बोललें पाहिजे. रक्तदाबासाठीं दीर्घकाळ मोठ्या मात्रेंत तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना गाढ विषण्णता आली, असे वृत्तांत 1954 पासून येऊं लागले. दुसरीकडे, क्षयावरील इप्रोनियाझिड या औषधानें रोगी उल्हसित होत, आणि तें दूतद्रव्यांची वासलात लावणाऱ्या एन्झाइमला अडविणारें निघालें. दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या कीं निष्कर्ष आपोआप सुचतो : द्रव्य कमी म्हणजे विषण्णता, द्रव्य भरपूर म्हणजे उल्हास. 1965 च्या सुमारास ही उपपत्ति रीतसर मांडली गेली आणि पुढें ती इतकी लोकप्रिय झाली कीं, मेंदूंतलें एखादें रसायन कमी पडलें आहे असें विषण्ण मनुष्याला सहज सांगितलें जाऊं लागलें. माझ्या मतें ही उपपत्ति पुराव्याहून अधिक नीटनेटकी आहे. 1955 सालींच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांत डेव्हिस व शेफर्ड यांनीं चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांना, कांहींना रेसर्पिन व कांहींना बिनऔषधी गोळ्या देऊन, तुलना केली होती. त्यांत रेसर्पिन घेणाऱ्यांनाच बरें वाटलें! तो निबंध पुष्कळ वर्षें कोणाच्या ध्यानींहि नव्हता. 1971 सालीं जुन्या वृत्तांतांची छाननी झाली, तेव्हां खरी विषण्णता रोग्यांपैकीं थोड्यांनाच, आणि तीहि बहुधा पूर्वीं तसा विकार झालेल्यांना, आली होती असें आढळलें. कलकत्त्याचा निबंध जसा कपाटांत पडला, तसाच लंडनचाहि पडला. म्हणजे दुर्लक्ष हें केवळ दूरच्या देशांच्याच वांट्याला येतें असें नाहीं.

रेसर्पिनचे दिवस फार टिकले नाहींत. त्याहून सौम्य औषधें आलीं. 1974 सालीं तें घेणाऱ्या स्त्रियांना स्तनांचा कर्करोग अधिक होतो असा आरोप झाला. पुढील अभ्यासांत तो टिकला नाहीं, परंतु तोंवर औषधाची पत गेली होती. झाडाची स्थिति निराळी झाली. परदेशांतून मुळीला मागणी आली तशी रानें उकरलीं गेलीं. मुळीसाठीं झाड उपटावेंच लागतें. 1990 सालीं आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादींत सर्पगंधेचें नांव घालावें लागलें.

कार्लसन यांना 2000 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, सशांच्या प्रयोगानंतर त्रेचाळीस वर्षांनीं. आणि कोठीच्या त्याच पंपावर, परंतु रेसर्पिनसारखें कायमचें चिकटून न बसतां, काम करणारें टेट्राबेनाझीन हें औषध हंटिंग्टनच्या रोगांतील अनावर हालचाली आंवरण्यासाठीं अमेरिकेंत 2008 सालीं मंजूर झालें. तें आजहि रोग्यांना देतात.